डॉनी हॅथवे लाइव्ह : टाळ्या-आरोळ्यांसकट ऐकायचा अल्बम

प्रश्न थोडक्यात असा आहे : "दोन वर्षं बास गिटार शिकतोय. सर म्हणतात, 'डॉनी हॅथवे लाइव्ह' ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. तीनदा ऐकला. लोकांचा आरडाओरडा फार आहे, दोन गाणी बारा-तेरा मिनिटांची आहेत, आणि बरीचशी गाणी तर दुसऱ्यांचीच आहेत. चाहते या अल्बमवर एवढा जीव का टाकतात? आणि विली वीक्सचा तो सोलो आत्ता बसवायला घेऊ का?"

तुला ज्या तीन गोष्टी खटकल्या, नेमक्या त्याच तिन्हींवर चाहत्यांचा जीव जडलाय. म्हणजे तू बरोबर ठिकाणी कान लावलायस, फक्त ते ऐकून काय समजायचं ते कुणी सांगितलेलं नाही. मी अठ्ठावीस वर्षं बास वाजवतोय. वाद्यवृंदात वाजवला, स्टुडिओत वाजवला, गणपतीच्या मांडवातही वाजवला. स्टेजवर ढोलाच्या बाजूला उभं राहून लोकांकडे बघत काढलेली ही वर्षं आहेत, आणि त्याच जागेवरून मी हा अल्बम ऐकतो.

आधी माहिती. डॉनी हॅथवे हा अमेरिकन गायक आणि कीबोर्डवादक. त्याचा हा अल्बम फेब्रुवारी 1972 मध्ये ॲटको कंपनीनं काढला. तबकडीची पहिली बाजू ऑगस्ट 1971 मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रुबडूर क्लबात ध्वनिमुद्रित झाली, दुसरी ऑक्टोबर 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या बिटर एंडमध्ये. या दोन ध्वनिमुद्रणांच्या मध्ये, 1 ऑक्टोबरला, डॉनी 26 वर्षांचा झाला. स्टेजवर माणसं सहा. गाणं आणि कीबोर्ड डॉनीचं, बासवर विली वीक्स, ड्रमवर फ्रेड व्हाइट, काँगावर (हातानं वाजवायचे उंच ढोल) अर्ल डीरोएन, दुसरी गिटार माइक हॉवर्ड. लीड गिटार पहिल्या बाजूला फिल अपचर्च आणि दुसऱ्या बाजूला कॉर्नेल ड्युप्री. फ्रेड व्हाइट तेव्हा सोळा वर्षांचा होता. सोळा! पुढे तो आपल्या भावांबरोबर 'अर्थ, विंड अँड फायर'मध्ये गेला, पण मला विचारशील तर त्याचा हात इथेच पूर्ण तयार झालेला आहे. एवढ्या वयात इतकं कमी वाजवायची अक्कल मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

दोन्ही जागा लहान, काही शे माणसांच्या. बिटर एंडमध्ये तर स्टेजच्या मागे नुसती विटांची भिंत आहे आणि पहिल्या रांगेतली माणसं गायकाच्या जवळजवळ गुडघ्याशी बसतात. ही गोष्ट मनात धरून ठेव, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. मोठ्या मैदानावरच्या टाळ्या म्हणजे एक सलग खळखळाट असतो, त्यात माणूस सापडत नाही. इथे एकेक आवाज वेगळा ऐकू येतो. डावीकडून कुणीतरी बाई ओरडते, मागून एक पुरुष 'यस' म्हणतो, कुणाचं हसू फुटतं. आणि हे सगळं गाणं संपल्यावर होत नाही, ओळीच्या मध्येच होतं. डॉनी एक सूर जरा वळवून ठेवतो, लगेच खोलीतून उत्तर येतं, आणि ते उत्तर ऐकून पुढची ओळ तो वेगळी म्हणतो. नंतर स्टुडिओत बसून टाळ्या चिकटवता येतात, तसे अल्बम भरपूर निघालेत. पण वाक्याच्या मध्ये आलेली दाद आणि त्या दादेमुळे बदललेलं पुढचं वाक्य, हे चिकटवता येत नाही.

चाहत्यांचं प्रेम आहे ते याच्यावर. सहा माणसं एकमेकांना ऐकताहेत, समोरची माणसं त्यांना ऐकताहेत, आणि ते सहा जण समोरच्यांनाही ऐकताहेत. तुला जो आरडाओरडा वाटला ते या बँडमधलं सातवं वाद्य आहे.

डॉनीला हे कुठून आलं, तर चर्चमधून. जन्म शिकागोचा, पण तो वाढला सेंट लुइसमध्ये आजीकडे. आजी स्वतः गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गाणारी, आणि तिनं त्याला अगदी तीन-चार वर्षांचा असल्यापासून चर्चमध्ये गायला उभं केलं. पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यानं संगीताचं रीतसर शिक्षण घेतलं. त्यामुळे त्याच्या हातात शास्त्र आणि सवय दोन्ही आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गाणारा ओळ टाकतो आणि समोरच्यांनी ती उचलायची असते. गप्प बसणं हा तिथे अनादर. कीर्तनात बुवा थांबले की मांडवातून आपोआप 'विठ्ठल' येतो, ते अंगवळणी पडलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

आता 'दुसऱ्यांची गाणी' या तक्रारीकडे. तारखा बघ म्हणजे चित्र पालटेल. पहिलं गाणं 'व्हॉट्स गोइंग ऑन' मार्व्हिन गेचं. ते जानेवारी 1971 मध्ये आलं आणि डॉनी ते ऑगस्टमध्ये गातोय. 'जेलस गाय' जॉन लेननचं. ते ज्या अल्बमवर आहे तो अमेरिकेत आला सप्टेंबर 1971 मध्ये आणि बिटर एंडमधलं ध्वनिमुद्रण आहे ऑक्टोबरचं. म्हणजे जेमतेम काही आठवडे. आज आपण ही गाणी अजरामर म्हणून ऐकतो, पण त्या खोलीतल्या माणसांनी ती काल-परवा रेडिओवर ऐकली होती. अजून कुणालाच ठाऊक नव्हतं की ही गाणी टिकणार आहेत. लेननचं मूळ गाणं संथ, तंतुवाद्यांच्या मऊ पडद्यावर तरंगणारं. डॉनी त्यातला पश्चात्ताप तसाच ठेवतो आणि त्याखाली गॉस्पेलची डुलती चाल सरकवतो. तीनच मिनिटांचं गाणं आहे. दुसऱ्याचं गाणं स्वतःचं कसं करायचं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

'यू हॅव गॉट अ फ्रेंड' कॅरल किंगचं. त्याच उन्हाळ्यात जेम्स टेलरनं गायलेलं हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. टेलरनं ते पहिल्यांदा ऐकलं तेसुद्धा याच ट्रुबडूरमध्ये. शिवाय डॉनीनं रोबर्टा फ्लॅकबरोबर त्याचं द्वंद्वगीत केलं होतं, तेही त्याच वर्षी आलेलं. त्यामुळे पहिले चार सूर पडतात न पडतात तोच बायका किंचाळतात. हे किंचाळणं ओळख पटल्याचं आहे. ध्रुवपद आलं की अख्खी खोली गायला लागते. इथे तुझं लक्ष डॉनीकडे असू दे. एखादा सामान्य गायक लोक गायला लागले की आपला आवाज वाढवतो, नाहीतर माइक त्यांच्याकडे वळवून मोकळा होतो. डॉनी मागे सरतो आणि त्यांना साथ करतो. गायक ते झाले, साथीला हा. त्यांचा सूर जिथे जरा सैल पडतो तिथे तो एक शब्द टाकून हात देतो, आणि परत मागे. ही साडेचार मिनिटं मी किमान पाचशे वेळा ऐकली असतील. अजून ध्रुवपदाला माझा घसा दाटून येतो.

'द घेटो' बारा मिनिटांचं का, हा तुझा दुसरा सवाल. रचना म्हणशील तर दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे दोन गट. तेवढंच. त्या दोन कॉर्डवर बारा मिनिटं माणसं बांधून ठेवायची तर काय लागतं ते या गाण्यात आहे. सुरुवातीचा लांब सोलो डॉनी वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानोवर वाजवतो. या पियानोत तारा नसतात. छोट्या हातोड्या पोलादी पट्ट्यांवर पडतात आणि त्या पट्ट्यांचं कंपन विजेनं उचललं जातं. आपल्या पेटीतल्या रीडची ही लांबची बहीण म्हणायची, तिथे हवा आणि इथे ठोका. हळू दाबलं की आवाज घंटीसारखा गोल, जोरात मारलं की कडेनं फाटतो. डॉनी हा फाटण्याचा काठ इतका नेमका वापरतो की सोलो चढत जातो तसा पियानो जणू ओरडायला लागतो. ते सगळं बोटांच्या वजनावर चाललेलं आहे. हेडफोन लावून फक्त पियानोच्या आवाजाचा खरखरीतपणा कुठे वाढतो एवढंच एकदा ऐक.

मग पियानो बाजूला होतो, काँगा पुढे येतो, टाळ्या सुरू होतात आणि लोक गायला लागतात. इथे अनेकांना वाटतं की गाणं रेंगाळलं. माझं मत उलट आहे. बारा मिनिटांत याच जागी वीक्सचा बास सगळ्यात जास्त शिकवतो, कारण त्याच्या ठेक्यावर सगळी खोली उभी आहे आणि तो एक कणभरसुद्धा पुढे पळत नाही. लोक टाळ्या देताना हमखास पुढे पळतात. कुठल्याही कार्यक्रमात बघ. चांगला बासवाला त्यांच्या मागे धावत नाही, त्यांना ओढून परत आणतो.

'हे गर्ल' अर्ल डीरोएननं लिहिलेलं, गोड आणि छोटं. 'वीआर स्टिल फ्रेंड्स' संथ आहे, रात्री ऐक. 'लिटल घेटो बॉय' मात्र घाईत सोडू नकोस. ते गरीब वस्तीतल्या पोराला उद्देशून आहे. वीस वर्षांनी रॅप कलाकार डॉ. ड्रेनं त्याचा तुकडा उचलून त्यावर स्वतःचं गाणं उभं केलं, तेव्हा त्या वेळच्या नव्या पिढीनं मागे वळून डॉनी शोधला. अनेक चाहत्यांची या अल्बमशी ओळख त्या दारानं झालेली आहे.

आता शेवटचं गाणं, 'व्हॉइसेस इनसाइड'. स्टुडिओत साधारण साडेतीन मिनिटांचं होतं, इथे पावणेचौदा मिनिटांचं झालंय. एकेकाला नाव घेऊन पुढे बोलावलं जातं. विली वीक्सची पाळी येते तेव्हा डॉनी त्याची ओळख देशातला सगळ्यात 'बॅड' बासवादक अशी करून देतो. त्यांच्या बोलीत 'बॅड' म्हणजे आपल्या भाषेत 'एक नंबर', 'बाप माणूस'. आणि मग तो सोलो येतो, ज्याच्यासाठी बास वाजवणारे लोक या अल्बमचं नाव घेतात.

माझी एक गोष्ट सांगतो, कारण तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. 1998 च्या डिसेंबरमध्ये एका कॉलेजच्या कार्यक्रमात मला पहिल्यांदा सोलो मिळाला. महिनाभर घासून तयारी केली होती. सोळाच्या पटीतले सूर, वेगानं वर, वेगानं खाली. सुरू केलं तेव्हा पोरं टाळ्या देत होती. दहा-बारा आवर्तनांत टाळ्या बंद पडल्या. कुणी चिडलं नव्हतं, त्यांना टाळी कुठे द्यायची तेच कळेना झालं होतं. उतरल्यावर आमच्या बँडमधले एक ज्येष्ठ गिटारवादक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कॅसेट हातात ठेवली, वर पेननं फक्त 'डॉनी' लिहिलेलं. "बी साइड, शेवटचं. सोलो ऐकताना पायाचा ठेका चुकला तर मला सांग," एवढंच म्हणाले.

नाही चुकला. अजून चुकत नाही. ही त्या सोलोची खरी करामत आहे. वीक्स सुरुवात करतो ती जवळजवळ त्याच ग्रूव्हमधून (ठेक्यात बसलेल्या चालीतून), जो तो मघापासून वाजवत होता. खालच्या पट्टीत, थोडे सूर, मध्ये भरपूर जागा. त्या जागेत लोक ओरडतात. तो थांबतो, त्यांना ओरडू देतो, आणि मग पुढचं वाक्य म्हणतो. एखादी लहान आकृती सापडली की तिला सोडून पळत नाही, तीच परत म्हणतो, परत म्हणतो, आणि तिसऱ्या-चौथ्यांदा तिचं शेपूट बदलतो. तोवर लोकांना ती पाठ झालेली असते, म्हणून तो बदल त्यांना कळतो, आणि खोली उसळते. हळूहळू वर चढतो, मग दोन-दोन तारा एकत्र घेतो. संपूर्ण वेळ फ्रेड व्हाइट आणि डीरोएन खाली शांतपणे ठेका देत असतात. पण गंमत अशी की ते दोघं थांबले असते तरी ठेका चालूच राहिला असता, कारण तो वीक्सच्या बोटांत आहे. एकट्यानं सोलो वाजवताना आपण आपली साथ सोडायची नाही, हे त्याला कळलेलं आहे. मला ते कळायला बरीच वर्षं लागली.

ती कॅसेट मी इतक्या वेळा मागे-पुढे केली की सोलोच्या जागी फीत ताणली गेली आणि सूर किंचित उतरले. मी त्या उतरलेल्या सुरांना बास लावून सोलो बसवला. पुढे चांगली प्रत मिळाली तेव्हा माझा बास तिच्याशी जुळेना. सकाळभर मी बास बिघडलाय समजून खुंट्या पिळत बसलो होतो.

थोडं तंत्राबद्दल, कारण तू 'आवाज कमी वाटतो' असंही लिहिलंयस. जुनी तबकडी ऐकत असशील तर ते खरं आहे आणि त्याला कारण आहे. एकेका बाजूला 26 मिनिटांहून जास्त संगीत बसवलंय. एवढं बसवायचं तर खाचा जवळजवळ काढाव्या लागतात, आणि खाचा जवळ आल्या की आवाजाची पातळी आणि त्यातही खालचे सूर आवरते घ्यावे लागतात. म्हणून आवाज वाढवून ऐक, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच ऐकू नकोस. त्यावर बास असा नसतोच, असते ती फक्त बासची सावली.

चाहते हा अल्बम बाकीच्या मोठ्या लाइव्ह अल्बमांच्या रांगेत ठेवतात, तेव्हा फरक माहीत असावा. जेम्स ब्राउनचा अपोलो थिएटरमधला अल्बम (ध्वनिमुद्रण ऑक्टोबर 1962) हा धगधगता जाळ आहे. कंपनीला विश्वास नव्हता म्हणून त्यानं तो स्वतःच्या पैशानं केला, आणि तो 66 आठवडे अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत राहिला. सॅम कुकचा मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबातला कार्यक्रम जानेवारी 1963 चा, पण फार रांगडा वाटला म्हणून कंपनीनं दाबून ठेवला. तो लोकांपर्यंत आला 1985 मध्ये, कुक जाऊन वीस वर्षं झाल्यावर. कर्टिस मेफिल्डचा जानेवारी 1971 चा अल्बम तर याच बिटर एंडमधला. डॉनीनं शिकागोत कर्टिसच्याच कंपनीत काम केलं होतं, त्यामुळे हे दोन अल्बम एकामागोमाग ऐकण्यासारखे आहेत. त्या सगळ्यांत गायक लोकांना पेटवतो. डॉनीच्या अल्बममध्ये लोक आणि गायक एकमेकांची वाट पाहतात. माझ्या लेखी म्हणून तो सगळ्यांत वर आहे, आणि यावर कुणी भांडायला आलं तर मी आनंदानं भांडेन.

या आनंदामागे एक दुःखही आहे. डॉनीला ॲटको कंपनीत आणणारा सॅक्सोफोनवादक किंग कर्टिस. त्याचा 13 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कमध्ये भोसकून खून झाला. पहिली बाजू त्याच महिन्यातली. आणि दुसऱ्या बाजूला लीड गिटार वाजवणारा ड्युप्री किंग कर्टिसच्याच बँडमधला. डॉनी स्वतः पुढे गंभीर मानसिक आजाराशी झगडत राहिला आणि जानेवारी 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरून पडून गेला, वयाच्या 33 व्या वर्षी. अनेक जण आता त्याचं प्रत्येक गाणं त्या खिडकीतून ऐकतात. माझी तुला विनंती आहे, हा अल्बम तरी तसा ऐकू नकोस. यातला माणूस पंचविशीतला आहे, त्याच्या भोवती त्याचे लोक आहेत, आणि तो खुशीत आहे. त्याची ती खुशी खरी होती.

राहिला तुझा सोलो. घे बसवायला, पण शेवटून नको. आधी पंधरा दिवस त्याच गाण्यातला सोलोच्या आधीचा बास वाजव, अल्बम लावून, सलग, मध्ये न थांबता, स्वतःची एकही सजावट न घालता. हात शिवशिवतील. शिवशिवू देत. पायाचा ठेका आणि फ्रेड व्हाइटच्या स्नेअर ड्रमचा ठोका एकावर एक पडायला लागला की सोलोची पहिली चार वाक्यं घे, आणि ती वाजवण्याआधी गाऊन दाखव, घरातल्या कुणाला तरी. तुझ्या आईला ती गुणगुणता आली तर तू बरोबर वाजवतोयस. प्रत्येक वाक्यानंतर जी जागा आहे ती तेवढीच ठेव. तिथे रेकॉर्डवर लोक ओरडतात, तुझ्या खोलीत कुणी ओरडणार नाही, आणि ती शांतता भरून काढायचा मोह होईल. तिथे हात तारेवरून उचल आणि त्या लोकांचं ओरडणं पूर्ण ऐकून घे. मग पुढचं वाक्य.